मॅटॅडोर ते ट्रॅव्हलर : एक डिझेल गाडी आणि तिचे मालक

मागच्या वेळी आपण एसटीबद्दल बोललो होतो, तेव्हा शेवटी एका गृहस्थांनी विचारलं होतं की एसटीचा इतिहास सगळेच सांगतात, पण एसटी चुकल्यावर आपण ज्या गाडीत बसायचो तिचा कोण सांगणार? प्रश्न मला लागला. म्हणून आज ती गाडी. म्हणजे दहा-बारा, नाहीतर वीस माणसं बसतील अशी डिझेलची मोठी व्हॅन. आपल्याकडे आधी तिचं नाव मॅटॅडोर होतं, मग ट्रॅव्हलर झालं. आणि गाडीपेक्षा जास्त मला बोलायचंय ते ती विकत घेणाऱ्या आणि स्वतःच चालवणाऱ्या माणसाबद्दल. मालक-ड्रायव्हर. या माणसाचं दप्तर कुठल्याही पुराभिलेखागारात नाही. माझ्याकडे एक आहे, ते का ते पुढे सांगतो.

सुरुवात जर्मनीत होते, त्याला इलाज नाही. हॅम्बुर्गला फिडाल आणि पुत्र अशा नावाची एक कंपनी होती. १९२०च्या दशकात ती मालवाहू तीनचाकी करायला लागली आणि त्या गाड्यांना त्यांनी नाव दिलं टेंपो. जर्मन भाषेत टेंपो म्हणजे वेग. तिकडे १९२८ साली असा नियम झाला की दोनशे सीसीच्या आतल्या छोट्या गाडीला ना लायसन लागेल ना कर. मग किराणावाला, बेकरीवाला, कोळसेवाला, सगळ्यांनी तीनचाकी घेतली. लक्षात ठेवा, नियम बदलला की गाडीचा आकार बदलतो. हे आज आपल्याला दोन-तीनदा दिसणार आहे.

युद्धानंतर याच कंपनीने हॅन्सिएट नावाची तीनचाकी काढली. जर्मनीत ती १९५६ला बंद झाली, कारण तिथल्या माणसाच्या हातात पैसा आला, त्याला चार चाकं हवी झाली. आणि बरोबर दोन वर्षांनी, १९५८ साली, ती आपल्याकडे सुरू झाली. नवलमल फिरोदिया, मूळचे अहमदनगरचे, स्वातंत्र्यचळवळीतले. हातगाडी आणि माणसाने ओढायच्या रिक्षा यांना पर्याय काढायचा हा त्यांचा ध्यास होता. ऑटोरिक्षा भारतात आणणाऱ्यांतही त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. त्यांनी फिडालशी करार करून बजाज टेंपो ही कंपनी उभी केली. आधी मुंबईत गोरेगावला, मग पुण्याजवळ आकुर्डीला. तिकडे संपलेली तीनचाकी इकडे पुढे चार दशकं धावली.

आता एक भाषेची गंमत. टेंपो हे एका कंपनीचं व्यापारी नाव. पण महाराष्ट्रात टेंपो म्हणजे माल वाहणारी कुठलीही छोटी गाडी. कोणी केलीय, कुणाची आहे, काही संबंध नाही. लखनौला जा, तिथे टेंपो म्हणजे माणसं भरणारी तीनचाकी. तिथे 'टेंपोने आलो' म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडे 'टेंपोने आलो' म्हटलं की समोरचा विचारतो, लग्नाला का? नावं देण्यात आपली माणसं कंपनीला मोजत नाहीत. मॅटॅडोर म्हणजे स्पेनमध्ये बैलाशी झुंजणारा गडी. आमच्या तालुक्यात हे एकालाही ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी बैलाला मारणाऱ्याचं नाव गाडीला दिलेलं आवडलं नसतं.

तर मॅटॅडोर. भारतात ती १९६९ला आली. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९ जुलै १९६९चं. दोन्ही एकाच वर्षात झालं हा योगायोग. पण योगायोगाचेही परिणाम असतात. राष्ट्रीयीकरणानंतर अग्रक्रमाचं कर्ज ही कल्पना आली आणि त्या यादीत शेती, लघुउद्योग यांच्याबरोबर लहान वाहतूकदारही होते. ट्रक घ्यायचा तर मोठं भांडवल, मोठा रूट, मुंबई-इंदूर-दिल्ली. मॅटॅडोरला तालुका पुरायचा. तेव्हा जो माणूस बँकेच्या पायऱ्या पहिल्यांदा चढला त्यातले बरेच विहिरीच्या मोटारीसाठी चढले, काही म्हशीसाठी, आणि काही या गाडीसाठी.

या गाडीची रचना जरा समजून घेऊ, कारण सगळा इतिहास तिथे दडलाय. मॅटॅडोरला पुढच्या चाकांची ओढ होती. म्हणजे इंजिन पुढे, आणि फिरवायची चाकंही पुढचीच. ट्रकला, जीपला काय असतं, इंजिनापासून मागच्या आसापर्यंत एक लांब दांडा जातो, प्रोपेलर शाफ्ट. तो फिरायला जागा हवी म्हणून गाडीची जमीन उंच. मॅटॅडोरला तो दांडाच नाही. म्हणून तिची जमीन खाली, रस्त्यापासून एका पायरीवर. हा तिचा मोठा गुण. दुधाची चाळीस लिटरची कॅन दोन माणसं सहज सरकवू शकायची. नऊवारीतली म्हातारी कुणाचा हात न धरता चढायची. आणि आजारी माणसाला बाजेसकट आत घेता यायचं. पुढे या गाडीच्या इतक्या रुग्णवाहिका का झाल्या, शववाहिका का झाल्या, याचं उत्तर त्या नसलेल्या दांड्यात आहे.

आणि दोषही त्यातच. माणसं आणि माल बसतो मागे. चढ लागला की सगळं वजन आणखी मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि ओढायची तर तीच चाकं. पावसात, खडीवर, चढावर चाकं जागेवर फिरायला लागायची. मग क्लीनर खाली उडी मारून चाकाला दगड लावायचा, निम्मी सीटं उतरायची आणि चालत चढ चढायची, जाडजूड माणसांना पुढे बोलवायचे. खासगीत सांगतो, आमचे मामा रिकामी गाडी ओल्या चढावर उलटी घालायचे, रिव्हर्समध्ये. उलटी गेली की वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. भौतिकशास्त्र मी कॉलेजात शिकलो तेव्हा मला कळलं की मामा बरोबर होते.

हे मामा म्हणजे माझे सख्खे मामा, फलटण तालुक्यातले. त्यांनी १९८३ला जुनी मॅटॅडोर घेतली. आणि मघाशी मी जे दप्तर म्हटलं ते म्हणजे त्या गाडीच्या हिशेबाच्या वह्या. हस्ताक्षर मामीचं. मामा चौथी शिकलेले, मामी सातवी. गाडी मामांच्या नावावर, पण डाऊन पेमेंटला मामीच्या पाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे हिशेब मी लिहिणार असं तिने पहिल्या दिवशी सांगितलं. सोळा वर्षं लिहिला. मामी गेल्यावर त्या वह्या रद्दीत चालल्या होत्या, त्या मी मागून घेतल्या. इतिहासाच्या माणसाला रद्दीवाल्याशी बरे संबंध ठेवावे लागतात.

वहीत काय आहे? पहाटे दूध. मग 'शाळा'. दुपारी 'बाजार', म्हणजे आठवड्याचा बाजार, त्यात माणसं, कोंबड्या, कांद्याची पोती. लग्नसराईत 'वऱ्हाड'. चैत्रात 'शिंगणापूर', म्हणजे शिखर शिंगणापूरची यात्रा. आषाढात 'पंढरपूर'. मधूनमधून 'अष्टविनायक'. ही अष्टविनायकाची भाडी बघण्यासारखी आहेत. आठ गणपती पुणे, नगर आणि रायगड या तीन जिल्ह्यांत विखुरलेले. एसटीने ते दोन दिवसांत होत नाहीत, बैलगाडीने तर प्रश्नच नाही. १९७९ला 'अष्टविनायक' हा सिनेमा आला, त्यानंतर या यात्रेची हौस घरोघर गेली असं जुनी माणसं सांगतात. सिनेमाने हौस दिली असेल, पण दोन दिवसांत आठही उरकायची सोय दिली ती आपल्या या गाडीने. आज ज्याला आपण परंपरेची यात्रा म्हणतो तिचं वेळापत्रक डिझेल इंजिनाने बसवलेलं आहे.

खर्चाची बाजू त्याहून बोलकी. डिझेल, ऑइल, पंक्चर, हे रोजचं. मग 'नोझल'. 'हवा काढली'. 'पाटा तुटला'. 'हेड गॅसकेट'. 'रिंग-पिस्टन'. ज्यांनी जुनं डिझेल इंजिन वापरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. डिझेलला ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्यात डिझेल बारीक फवाऱ्याने सोडायचं की ते आपोआप पेटतं. सगळा खेळ त्या फवाऱ्याचा, म्हणजे पंपाचा आणि नोझलचा. ही नाजूक वस्तू. बंगळूरच्या मायकोने नाशिकला सातपूरला कारखाना काढला, तिथे नोझल होत होते. नाशिकला मायको सर्कल आहे, नाशिककरांना चौक माहीत असतो, नोझल माहीत नसतो. टाकीतलं डिझेल संपलं आणि पाइपात हवा शिरली की नुसतं डिझेल ओतून गाडी चालू होत नाही. हातपंप मारून, नट ढिला करून, बुडबुडे जाईपर्यंत हवा काढायची. रात्री, पावसात, बॅटरीच्या उजेडात. थंडीत सकाळी आधी हीटर द्यायचा, मग सेल मारायचा. मामा गाडी नेहमी उतारावर लावायचे. पाहुण्याच्या गावी गेले तरी आधी उतार शोधायचे, मग घर.

पण या इंजिनाची एक मोठी खुबी होती. एकदा चालू झालं की त्याला वीज लागत नाही. बॅटरी गेली, डायनामो गेला, ते चालूच. बंद करायला चावी नव्हे, एक बटण ओढायचं, त्याने डिझेल तुटायचं. खेड्यातल्या मेकॅनिकला हातोडी, पाने आणि कान एवढ्यावर ते दुरुस्त करता यायचं.

१९८०च्या दशकात बजाज टेंपोने डायमलर-बेंझकडून इंजिनाचं तंत्र घेतलं. ओएम ६१६, चार सिलिंडर, २.४ लिटर. हेच इंजिन जर्मनीत मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत होतं, तिकडे टॅक्सीवाल्यांची ती आवडती गाडी. त्यामुळे आमच्याकडे मॅटॅडोरवाले छाती काढून सांगायचे, 'मर्सिडीजचं इंजिन हाय.' लोक हसायचे. पण ते खरं होतं. आणि त्यामागची साखळी बघा. हॅम्बुर्गची फिडाल कंपनी आधी हानोमागकडे गेली, हानोमाग-हेन्शेल झाली, आणि १९७०च्या आसपास ती डायमलर-बेंझच्या पोटात गेली. म्हणजे जी व्हॅन आपल्याकडे मॅटॅडोर म्हणून गाजत होती तिचीच जर्मन बहीण तिकडे काही वर्षं मर्सिडीजचा तारा लावून विकली जात होती. १९७७ला मर्सिडीजने ती बंद करून नवी व्हॅन काढली. आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच नव्या व्हॅनचा भारतीय अवतार मध्य प्रदेशात पीथमपूरला तयार होऊ लागला. तो टेंपो ट्रॅव्हलर. म्हणजे वंश एकच, फक्त आपल्याकडे दहा वर्षांनी पोचला.

ट्रॅव्हलरची ओढ मागच्या चाकांना. चढाला दमदार, पण जमीन उंच. मामांनी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा एकच शेरा मारला, 'चढाला बरी, म्हातारीला वाईट.' मी गाड्यांची अनेक परीक्षणं वाचलीत, इतकं नेमकं वाचलेलं नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. एसटीचा पहिला प्रवास १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर. सरकारचं धोरण स्वच्छ होतं, प्रवासी वाहतूक खासगी माणसाच्या हातात नको. त्याला कारणंही होती. स्वातंत्र्याच्या आधीच्या खासगी सर्व्हिस मोटारींचे हाल लोकांनी भोगलेले होते. वाटेल तेव्हा सुटायची, वाटेल ते भाडं. तेव्हा मार्ग ताब्यात घेणं हे लोकांच्या भल्याचं होतं आणि एसटीने ते भलं केलं, यात मला शंका नाही. १९३९चा मोटार वाहन कायदा आणि मग १९८८चा, दोन्हींत एक रेघ आहे. अख्खी गाडी ठरवून नेली, इथून तिथे, वाटेत कुणाला चढवलं-उतरवलं नाही, तर ती कंत्राटी वाहतूक. वाटेत थांबत, माणसागणिक भाडं घेत गेलात तर ती टप्पा वाहतूक, आणि आपल्याकडे ती एसटीची. १९८८च्या कायद्यात मॅक्सीकॅब अशी एक जात आली. ड्रायव्हर सोडून सहाच्या वर आणि बारापर्यंत माणसं. बारा अधिक एक, तेरा सीटर, हा आकडा आपल्याकडे गाडीच्या पाठीवर का लिहिलेला असतो ते यातून आलं. पुन्हा तेच, नियमाने गाडीचा आकार ठरतो.

पण वस्तीवरच्या माणसाला कुठे जायचं असतं? त्याला अख्खी गाडी परवडत नाही, आणि एसटी दिवसातून दोनदा. त्याला एक सीट हवी असते, आत्ता. ती सीट विकणं हा गुन्हा. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे या धंद्याला वडाप म्हणतात. मराठवाड्यात, विदर्भात काळी-पिवळी. १९८८च्या सुमारास ट्रॅक्स आली आणि वडापाचं मुख्य वाहन ती आणि जीप झाली. मॅटॅडोर थोडी मागे पडली, पण तिच्या मालकाचा रोजचा गल्ला यातूनच होता. एसटी स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत खासगी गाडी उभी करायची नाही, म्हणून दोनशे एकाव्या मीटरला एक दुसरा स्टँड उभा राहिला. कुठल्याही तालुक्याला जा, तो आहे. चहाची टपरी, पानपट्टी आणि 'चला चला, एकच सीट' असं ओरडणारा पोरगा.

मामीच्या वहीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. 'पावती' आणि 'हप्ता'. पावती म्हणजे पकडल्यावर भरलेला दंड, त्याचा कागद टाचणीने वहीला लावलेला. बँकेचा हप्ता ती 'बँक' म्हणून लिहायची. मग 'हप्ता' कशाचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याला कागद नाही. फक्त रक्कम आणि तारीख, आणि तारखा घड्याळासारख्या नियमित. कायदा जेव्हा असा असतो की तो पाळला तर कुणाचंच चालत नाही, तेव्हा त्यातून शिस्त येत नाही, एक दर येतो. मामांना गुन्हेगार म्हणणारं आमच्या गावात कुणी नव्हतं. पण सोळा वर्षं ते रोज सकाळी गुन्हा करायला बाहेर पडत होते, आणि हे त्यांना माहीत होतं. रस्त्यात पुढून येणारा ड्रायव्हर दिवे मिचकावायचा, म्हणजे पुढे तपासणी आहे. मग गाडी थांबवून पाच-सहा माणसं शेतातून चालत नाका ओलांडून पलीकडे परत चढायची. प्रतिष्ठित माणसं. शिक्षक असायचे त्यात.

१९९१च्या पावसाळ्यातली एक नोंद. रात्रीची. 'वस्तीवरची बाळंतीण, फलटण. भाडं नाही.' त्या रात्री मी गाडीत होतो, सुट्टीला गेलेलो. ओढ्याला पाणी होतं. ती बाई दोन बाकांच्या मधल्या जमिनीवर गोधडीवर होती, तिची सासू तिचं डोकं धरून. त्या खालच्या जमिनीबद्दल मी मघाशी इतकं बोललो ते उगीच नाही. आम्ही पोचलो, मूल झालं, दोघं जगली. आणि त्याच पानावर, आठ दिवसांनी, पावती. गाडी तीन दिवस जप्त. त्या तीन दिवसांचं दुधाचं भाडं बुडालं आणि ते दूधकाम दुसऱ्याला गेलं, ते परत मिळालं नाही.

हे सांगितल्यावर सभेत टाळ्या पडतात असा माझा अनुभव आहे, म्हणून लगेच दुसरी गोष्ट सांगतो. १९८६, शिंगणापूरची यात्रा. मी बारा वर्षांचा, टपावर बसलेला. टपावर किती होतो ते मी मोजलेलं नाही, पण हात टेकायला जागा नव्हती. आत त्याहून जास्त. उतरताना मामा ब्रेकवर ब्रेक मारत आले आणि एका वळणाच्या आधी ब्रेक लागेनासे झाले. ब्रेक तापले की त्यांची पकड जाते. मामांनी गिअर खाली टाकला, इंजिनाने गाडी धरायचा प्रयत्न केला, आणि डोंगराच्या बाजूला घासत घासत शेवटी एका मातीच्या ढिगात घातली. दरीच्या बाजूला घातली असती तर हे व्याख्यान झालं नसतं. कुणी मेलं नाही. टपावरचा एक पोरगा पडला, त्याच्या पायाचे दोन तुकडे झाले, तो आजही लंगडतो. वहीत त्या दिवशी मामीने भाड्याची रक्कम लिहिलीय, आणि खाली 'दवाखाना', आणि मग पुढे सहा महिने दर महिन्याला 'दवाखाना'. अपघात हा शब्द नाही.

गाडीत किती माणसं घालायची याचा नियम कुणी उगाच केलेला नव्हता. बारा माणसांच्या ब्रेकवर तीस माणसं घातली तर ब्रेक तीसचे होत नाहीत. वडापाच्या बाजूने बोलणारे, मीही त्यात आलो, हे विसरतात. या अपघातांनी घरंच्या घरं गेलेली आहेत. त्याच वेळी हेही खरं की मामांना बारा माणसांत बँकेचा हप्ता निघत नव्हता, कारण बारा माणसांची परवानगी असली तरी दोन-तीन वाटण्या गाडी सुटायच्या आतच व्हायच्या. आपल्या कायद्याने गाडी तपासली, तिचा हिशेब कधी तपासला नाही.

१९९९ला मामांनी गाडी विकली. साधारण त्याच सुमारास कारखान्यातून येणारी मॅटॅडोरही थांबली. २००५ला कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. टेंपो हा शब्द कंपनीने सोडला, लोकांनी अजून सोडलेला नाही.

पुढचा काळ ट्रॅव्हलरचा, तो थोडक्यात सांगतो कारण तो तुमच्या डोळ्यांसमोरचा आहे. पुण्यात हिंजवडी वाढलं, रात्रपाळ्या आल्या, कंपन्यांनी माणसं आणायला-न्यायला गाड्या ठेवल्या. सीट भरायची कटकट गेली, महिन्याला ठरलेली रक्कम आली. मालक-ड्रायव्हर खूश झाला. मग कळलं की रक्कम ठरलेली आहे पण डिझेल ठरलेलं नाही. ऑक्टोबर २०१४ला डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. पूर्वी डिझेल स्वस्त ठेवणं हा धोरणाचा भाग होता, सगळा डिझेल गाडीचा संसार त्या स्वस्ताईवर उभा होता. दर रोज बदलायला लागले आणि करार वर्षाचे राहिले. त्याच २०१४ला राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, ९३७ गाड्यांची. मामीच्या वहीतली 'भाडं नाही' ही नोंद तेव्हापासून सरकारच्या वहीत गेली, आणि हे चांगलं झालं, याबद्दल दुमत नको.

मग १ एप्रिल २०२०. देशभर बीएस-सहा लागू, आणि देश त्याच वेळी बंद. गाड्या रांगेने उभ्या. शाळा नाही, कंपनी नाही, लग्न नाही, देव नाही. माझ्या सोसायटीच्या बाहेर एक ट्रॅव्हलर दीड वर्ष उभी होती, तिच्या टपावर पिंपळ उगवला होता. मालक त्याच गाडीच्या मागच्या दारातून भाजी विकायचा.

नव्या इंजिनांबद्दल एक शब्द. धूर खरोखर कमी झाला. त्यासाठी धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली, काही गाड्यांत युरियाचं पाणी घालावं लागतं. ही जाळी स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. गावातल्या गावात शाळेची मुलं सोडणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. मग दिवा लागतो, गाडी ओढायची थांबते, आणि कान असलेला मेकॅनिक काही करू शकत नाही, संगणक लावावा लागतो. मला धूर नकोच आहे, माझ्या आईला दमा होता. पण पान्यावर चालणारी गाडी ज्याच्या हातात होती आणि संगणकावर चालणारी ज्याच्या हातात आहे, ती दोन वेगळी माणसं आहेत. आज रस्त्यावर दिसणाऱ्या ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर बहुतेक वेळा पगारी आहे. मालक कुठेतरी ऑफिसात.

आता प्रश्न.

कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय, 'आमचं एकत्र कुटुंब आहे, अकरा माणसं. घरच्यासाठी तेरा सीटर घ्यावी का?' मी इतिहासाचा माणूस, पण सांगतो. आधी आरटीओत विचारा की खासगी म्हणून नोंद होईल का, कर किती, विमा कुठल्या प्रकारचा. हे कागदावर घेतल्याशिवाय बुकिंग करू नका. लायसनची काळजी कमी झालीय, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ला स्पष्ट केलं की साडेसात हजार किलोच्या आतली गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. आणि पार्किंगची लांबी मोजा. लोक उंची विसरतात, सोसायटीच्या कमानीत अडकते.

शेवटचा प्रश्न मागच्या रांगेतून होता, त्या वह्यांचं पुढे काय? त्या आता स्कॅन होतायत. शेवटच्या वहीचं शेवटचं पान मी तुम्हाला सांगतो. १९९९. गाडी विकल्याची रक्कम. त्यातून वजा 'बँक', वजा 'मेकॅनिक उधारी', वजा 'दवाखाना', तेरा वर्षांनीसुद्धा, त्या पोराच्या पायाचं काहीतरी पुन्हा निघालं असेल. आणि उरलेल्या रकमेपुढे एकच शब्द आहे, 'पाटल्या'. त्या रकमेत किती तोळ्याच्या आल्या ते लिहिलेलं नाही. माझ्या आठवणीत मामीच्या हातात नंतर एकच पाटली होती.